बॉकेनहाइमच्या एकोणीस फुल्या

ओट्याखालच्या कप्प्यात कॅरीबॅगा साठतात ना, तसे आमच्या कंपूत निवडणुकीचे किस्से साठलेत. मुद्दाम कोणी जमवत नाही, टाकवतही नाहीत, आणि एक ओढायला जावं तर दहा बाहेर येतात! भारतातून नवीन कोणी फ्रांकफुर्टला आलं की जेवण झाल्यावर बडीशेपेची वाटी पुढे करत महेश, म्हणजे माझा नवरा, हमखास म्हणतो, "मंजिरी, यांना ते दोन हजार सहाचं सांग." आणि मी सांगते. पण शेवटचा किस्सा मी दर वेळी गाळते. महेशलाही तो पूर्ण माहीत नाही. आज मात्र सगळं सांगून टाकणार आहे, किती वर्षं पोटात ठेवायचं!

आधी दोन शब्दांत इथली पद्धत सांगते, नाहीतर गोंधळ उडेल. आपल्याकडे महापालिका असते तशी शहराची एक मोठी सभा. तिच्याखाली प्रत्येक भागाची एक छोटी सभा, तिला म्हणतात ऑर्ट्सबायराट. रस्ते, झाडं, बाकडी, सिग्नल असल्या गोष्टी ही छोटी सभा बघते. गाडी नाही, बंगला नाही, मागे फिरणारी माणसं नाहीत. तरीही लोक त्यासाठी उभे राहतात! हाच पहिला धक्का.

* * *

आमच्यातून उभे राहिले प्रकाश गायकवाड. आम्ही त्यांना प्रकाशभाऊ म्हणतो. मूळचे बीड जिल्ह्यातले, बाड हॉम्बुर्गला एका मोठ्या कंपनीत केमिस्ट, राहायला आमच्या मागच्याच गल्लीत, बॉकेनहाइमला. अत्यंत शांत माणूस. दुकानात उरलेले सुटे पैसे कमी मिळाले तरी बोलणार नाही, असा!

त्यांच्या मुलाच्या शाळेसमोर सिग्नल नव्हता. पोरं जीव मुठीत धरून रस्ता ओलांडायची. तेवढी तक्रार करायला प्रकाशभाऊ एका पक्षाच्या ऑफिसात गेले. तिथल्या म्हाताऱ्याने कॉफी दिली, तासभर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मिस्टर गायकवाड, तुम्हीच का नाही उभे राहत?"

संध्याकाळी आमच्याकडे येऊन त्यांनी हे सांगितलं तेव्हा महेशच्या हातातला चमचा हातातच राहिला.

"तिकीट मिळालं? कोणाच्या ओळखीने?"

"सिग्नलच्या," प्रकाशभाऊ म्हणाले.

"किती चपला झिजवल्या?"

"एक कप कॉफी प्यायलो."

महेशचा विश्वासच बसेना. "मग काहीतरी गडबड असणार," तो म्हणाला. "आमच्या पुण्याला वॉर्डात नुसतं इच्छुक म्हणवून घ्यायला लोकांची दहा वर्षं जातात!"

पण एक गोष्ट तेव्हा कोणी हसण्यावारी नेली नाही. आपल्यासारख्याला उभं राहायचं तर जर्मन नागरिक असावं लागतं, आणि प्रकाशभाऊंनी वर्षभरापूर्वीच भारताचा पासपोर्ट परत केला होता. तेव्हापासून त्यांचे वडील, नाना, त्यांच्याशी बोलत नव्हते. फोन आला की सरळ सूनबाईला मागायचे. त्या दिवशी जाताना जिन्यात प्रकाशभाऊ मला म्हणाले, "वहिनी, निवडून आलो तर नानांना दाखवायला काहीतरी राहील. नाहीतर नुसता पासपोर्टच गेला."

* * *

मग आली मतपत्रिका! म्हणजे नमुना. घरबसल्या अभ्यास करता यावा म्हणून पोस्टाने पाठवतात. मी पाकीट उघडलं आणि उलगडतच गेले, उलगडतच गेले. आमचं जेवणाचं टेबल संपलं, मतपत्रिका संपेना!

शहराच्या सभेसाठी प्रत्येकाला किती मतं? त्र्याण्णव! विभागाच्या सभेसाठी एकोणीस. शिवाय एकाच उमेदवाराला तीनपर्यंत मतं देता येतात. या पक्षातले चार, त्या पक्षातले सहा असे वेचूनही घेता येतात, भाजी निवडतो तसे. यादीत कोणी प्रकाशभाऊंसारखा चौदाव्या नंबरावर असला तरी लोकांनी फुल्या मारून मारून त्याला वर ढकलायचं.

महेश चष्मा कपाळावर चढवून बघत राहिला. "एका माणसाने एकाच उमेदवाराला तीनदा मत द्यायचं? अगं, आपल्याकडे याला बोगस मतदान म्हणतात!"

आमची इरा तेव्हा दहा वर्षांची. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. ती शाळेत हे शिकली होती. तिने बापाला अर्धा तास समजावलं. शेवटी महेशने लॅपटॉप काढला आणि एक्सेलमध्ये तक्ता बनवला. रात्रीच्या जेवणाला टेबल मोकळं नव्हतं, म्हणून आम्ही तिघं सोफ्यावर ताटं घेऊन जेवलो आणि टेबलावर लोकशाही पसरलेली!

* * *

महेशचा उत्साह बघून तुम्हाला वाटेल, याला मत द्यायचं होतं. छे! त्याला मतच नव्हतं. कामाच्या सततच्या प्रवासापायी जर्मन पासपोर्ट घेतला मी. महेशने घेतला नाही. त्याचं म्हणणं, घरात एक तरी भारतीय शिल्लक पाहिजे. आणि तरी दर रविवारी तो भाषण द्यायचा, "टॅक्स भरायचा आम्ही, कचरा वेगळा करायचा आम्ही, आणि मत? मत नाही! हा अन्याय आहे!"

आता, इथे परदेशी नागरिकांची एक वेगळी सल्लागार सभा असते. तिची निवडणूक आदल्याच नोव्हेंबरात झाली. तिथे महेशला मत होतं. रीतसर पत्र घरी आलं होतं.

सुनंदाने, म्हणजे प्रकाशभाऊंच्या बायकोने, एकदा भर भाषणात त्याला विचारलं, "महेशदादा, नोव्हेंबरात तुम्ही कोणाला मत दिलंत?"

महेशने चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, "त्या दिवशी मॅच होती."

तेव्हापासून रविवारचं भाषण बंद आहे.

* * *

प्रचार कसा करायचा यावर आमच्या कंपूची मीटिंग झाली. जर्मन पक्षाने प्रकाशभाऊंना काय दिलं? एक शिडी, वीस पोस्टर आणि प्लॅस्टिकच्या पट्ट्या. पोस्टर स्वतःच खांबाला बांधायची, आणि निवडणूक झाली की स्वतःच काढायची! उमेदवार शिडीवर, बायको खाली शिडी धरून. मी तर कपाळाला हातच लावला.

"असं नाही चालायचं," महेश म्हणाला. पुढच्याच आठवड्यात तो कामासाठी पुण्याला गेला, येताना गुंडाळी करून एक फ्लेक्स घेऊन आला. सहा फुटी! मधोमध प्रकाशभाऊ, हात जोडलेले. आणि खाली तीन ओळींत आमच्या कंपूतले अठरा जण, पासपोर्ट साइझ, प्रत्येकाच्या खाली नाव. शुभेच्छुक! महेशने स्वतःचा मोबाइल कानाला लावलेला फोटो टाकला होता. माझा गणपतीतला, नथ घातलेला.

प्रकाशभाऊ लाजून अर्धे झाले. पण नाही म्हणवेना बिचाऱ्यांना. शनिवारी लाइपझिगर श्ट्रास नावाच्या रस्त्यावर त्यांच्या प्रचाराच्या टेबलामागे आम्ही तो फ्लेक्स ताणून बांधला.

लोक थांबायचे, बघायचे, गंभीर होऊन निघून जायचे. आम्हाला वाटलं, छाप पडली! मग एक आजीबाई आल्या. सगळे फोटो एकेक करून नीट बघितले. महेशकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि हळू आवाजात विचारलं, "हे सगळे कधीपासून बेपत्ता आहेत?"

फ्लेक्स पाच मिनिटांत उतरला. आता तो आमच्या तळघरात सायकलींवर असतो.

* * *

त्याच शनिवारी मला दुसरा झटका बसला. प्रकाशभाऊंच्या टेबलाच्या डाव्या हाताला विरोधी पक्षाचं टेबल, उजव्या हाताला आणखी एका पक्षाचं. एका रांगेत, लग्नातल्या आहेराच्या टेबलांसारखी! मी मनात म्हटलं, आता जुंपणार.

अकरा वाजता पाऊस सुरू झाला. प्रकाशभाऊंकडे छत्री नव्हती. विरोधी पक्षाचा उमेदवार, सहा फूट चार इंच उंच माणूस, उठला आणि आपली मोठी छत्री यांच्या पत्रकांवर धरून उभा राहिला. चांगला अर्धा तास! आणि त्याच छत्रीखाली येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता, की मत मात्र मलाच द्या.

मी प्रकाशभाऊंना बाजूला घेऊन म्हटलं, "अहो, हा काय प्रकार आहे? तो तुमचा शत्रू ना?"

"गेनाऊ, बरोबर," प्रकाशभाऊ म्हणाले. "पण पत्रकं कागदाची आहेत वहिनी."

* * *

मतदानाच्या दोन आठवडे आधी नाना आले. नातवाला बघायला आले होते, निवडणुकीसाठी नाही, हे त्यांनी विमानतळावरच सुनंदाला स्पष्ट सांगितलं. वय एकाहत्तर. बीडकडच्या एका गावात हेडमास्तर होते. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. आणि एक म्हणजे एकही निवडणूक चुकवली नाही. मत देणाऱ्यांतले नव्हे, मत घेणाऱ्यांतले! तीस वर्षं निवडणुकीची ड्यूटी केली. ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत पेट्या डोक्याशी घेऊन झोपलेला माणूस.

त्यांच्या घरचं जेवण म्हणजे बघण्यासारखं. टेबलावर बापलेक समोरासमोर बसलेले, आणि नाना म्हणायचे, "सुनंदा, त्याला म्हणावं, मीठ इकडे सरकव." प्रकाशभाऊ मीठ सरकवायचे. "सुनंदा, नानांना विचार, पोळी वाढू का." सुनंदा बिचारी दोन हातांच्या अंतरावर दुभाषी!

एकदा माझ्यादेखत ती वैतागून म्हणाली, "नाना, आता पुरे ना. कागदच तर बदललाय त्यांनी."

नाना शांतपणे म्हणाले, "माझ्या आजाला मत नव्हतं. बापाला मिळालं. पहिल्या वेळी तो नवं धोतर नेसून गेला होता मत द्यायला, आणि गल्लीतून जाताना लोक थुंकले ते त्याने पुसलंसुद्धा नाही. मी त्याच मताची तीस वर्षं राखण केली. आणि याने ते खिडकीत जमा केलं. पावती घेतली."

प्रकाशभाऊ ताटातला भात नुसता चिवडत होते. मला तिथून उठून जावंसं वाटलं, पण उठणं बरं दिसलं नसतं.

* * *

तरी मतदानाच्या दिवशी सकाळी सात वाजता आमची बेल वाजली. दारात नाना! "मंजिरी, मला बूथ दाखव."

"नाना, प्रकाशभाऊ नेतील की."

"मी तुला म्हणालो."

बूथ म्हणजे मुलांच्या शाळेची जिमची खोली. टेबलामागे फ्राऊ झायफर्ट. या बाई आमच्याच भागातल्या, महापालिकेच्या वाचनालयात काम करतात, इराला पुस्तकं शोधून देतात. त्यांनी घरून केक करून आणला होता. नाना दारातच थांबले.

"पोलीस कुठेत?"

मी जर्मनमधून विचारलं. फ्राऊ झायफर्ट घाबरून उभ्या राहिल्या. "पोलीस? का, काय झालं?"

नानांनी पुढे विचारलं, "मतपेटी कुठाय?" फ्राऊ झायफर्टनी अभिमानाने बोट दाखवलं. चाकं असलेला काळा प्लॅस्टिकचा डबा, इथे प्रत्येक इमारतीच्या मागे असतो तस्सा, झाकणाला फट पाडलेली आणि कुलूप लावलेलं.

नानांचे डोळे पांढरे झाले. "हा कचऱ्याचा डबा आहे!"

"नवीन आहे," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"आतून दाखवा म्हणावं. रिकामा आहे का बघू दे."

मला वाटलं, आता या बाई चिडतात. पण त्यांनी लगेच कुलूप काढलं. "अर्थात! बघायला यायचा सगळ्यांनाच हक्क आहे. पण वीस वर्षांत तुम्हीच पहिले आलात." नानांनी डब्यात डोकं घालून बघितलं. मग आतून हात फिरवला. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि कुलूप लागलं.

आठ वाजता मतदान सुरू झालं. पहिल्या मतदाराबरोबर त्याचा कुत्राही आत आला. बोटाला शाई नाही. दुसऱ्याकडे ओळखपत्रसुद्धा मागितलं नाही, फ्राऊ झायफर्ट म्हणाल्या, "यांना मी ओळखते, दोन पुस्तकं परत यायची आहेत." नाना खुर्चीवर बसून एकेक धक्का पचवत होते. आमच्या त्या बूथवर मराठी मतदार किती? तीन! प्रकाशभाऊ, सुनंदा आणि मी. मी पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेले आणि त्र्याण्णव अधिक एकोणीस फुल्या मारून बाहेर आले, तर वीस मिनिटं झाली होती. नानांनी घड्याळ बघितलं.

"एवढा वेळ? आमच्याकडे एवढ्यात अख्खी वस्ती मतदान करून जाते."

प्रकाशभाऊ आले, मत दिलं, बापाच्या खुर्चीसमोर क्षणभर थांबले. नाना कुत्र्याकडे बघत होते.

* * *

आता तो किस्सा.

ज्यांनी सरळ एका पक्षाच्या यादीवर फुली मारली, त्यांची मतं त्याच संध्याकाळी मोजतात. आमच्यासारख्यांनी डोकं चालवून विखुरलेल्या फुल्या मात्र पुढचे दोन-तीन दिवस मोजत बसतात, महापालिकेचीच माणसं. रविवारी एवढं कळलं, की प्रकाशभाऊंच्या पक्षाला छोट्या सभेत चार जागा मिळणार. कोण चौघं, ते या फुल्यांवर ठरणार. चौदाव्या नंबरावरून प्रकाशभाऊ वर सरकत होते. सोमवारी आठवे, मंगळवारी सकाळी पाचवे! सुनंदाचा फोन, "मंजिरीताई, अगं पाचवे! एक पायरी राहिली!" तिचे शब्द एकमेकांवर आदळत होते.

नानांना मोजणी बघायची होती. मी अर्ध्या दिवसाची उरलाउब टाकली, सुट्टी हो, आणि त्यांना घेऊन गेले. एक मोठा हॉल, टेबलंच टेबलं. प्रत्येक टेबलावर तिघं. एक जण फुल्या वाचतो, दुसरा कॉम्प्युटरवर टाकतो, तिसरा दोघांवर लक्ष ठेवतो. बघ्यांसाठी दहा खुर्च्या मांडलेल्या, आणि बघे आम्ही दोघंच. आमच्या बूथचं टेबल फ्राऊ झायफर्टकडेच होतं. त्यांनी हात हलवला. नाना उठून टेबलापासून दीड हातावर उभे राहिले, हात मागे बांधून. दोन तास हलले नाहीत. प्रत्येक मतपत्रिका त्यांनी मोजणाऱ्यांबरोबर मोजली.

मग फ्राऊ झायफर्टनी छोट्या सभेची एक मतपत्रिका उचलली आणि थबकल्या. शेजारच्याला दाखवली.

"इथे वर काहीतरी गिरगटलंय."

"पेन चालतंय का बघितलं असेल," तो म्हणाला.

"हो, तसंच वाटतं. वैध?"

"वैध."

मी खुर्चीतून मान उंच करून बघितलं. त्या भल्याथोरल्या कागदाच्या डोक्यावर, बरोब्बर मधोमध, दोन उभ्या रेघांच्या आत, सुंदर वळणदार अक्षरात लिहिलं होतं: श्री.

अक्षर माझं!

देवाशप्पथ सांगते, मला आठवतसुद्धा नाही कधी लिहिलं. परीक्षेचा पेपर असो, किराणा मालाची यादी असो, व्हिसाचा फॉर्मसुद्धा मी आधी कच्च्या कागदावर श्री लिहून मग भरते. पेन हातात आलं की हात आपोआप वर जातो. मोठ्या मतपत्रिकेवर नाही लिहिलं, यावर कसं काय लिहिलं कोण जाणे! खाली प्रकाश गायकवाड, आणि त्यांच्यापुढे माझ्या तीन ठसठशीत फुल्या.

पण वैध म्हणाले होते! मी श्वास सोडला. सोडते न सोडते तोच हॉलमध्ये आवाज घुमला.

"ऑब्जेक्शन!"

नाना! उजवा हात वर. सगळ्या टेबलांवरच्या माना वळल्या. नाना माझ्याकडे वळले. "मंजिरी, सांग त्यांना. या रेघोट्या नाहीत. हे लिखाण आहे. मतदाराची ओळख पटेल असं काही मतपत्रिकेवर लिहिलं, तर ते मत बाद."

मी जवळ जाऊन अगदी हळू म्हटलं, "नाना, फुल्या कोणापुढे आहेत बघितलंत का?"

"बघितलं."

"तीन आहेत, नाना. ते पाचवे आहेत. एक पायरी राहिलीय."

"मोजता येतं मला. सांग."

"नाना, ते वैध म्हणतायत, आपण कशाला—"

"पोरी, सांग."

तोवर सोळा वर्षं मी या देशात जर्मन बोलत होते, पण तेवढी चार वाक्यं बोलताना माझी बोबडी वळली. फ्राऊ झायफर्टनी चष्मा काढला. "हे काय लिहिलंय?" मी म्हटलं, "शुभ अक्षर आहे. आमच्यात काही लोक प्रत्येक कागदावर सुरुवातीला लिहितात." त्यांनी ते पुन्हा एकदा नीट बघितलं. "सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "पण मग हे मत अवैध." तिघांनी हात वर केले. मतपत्रिका दुसऱ्या गठ्ठ्यावर गेली.

मग त्यांनी नोंदीचं पुस्तक ओढलं आणि नानांना म्हणाल्या, "तुमचं नाव सांगा. आक्षेप लिहून घ्यावा लागतो." नानांनी एकेक अक्षर सांगितलं. संपूर्ण नाव, गाव, तालुका, जिल्हा, सेवानिवृत्त मुख्याध्यापक. त्या सगळं लिहीत होत्या. नाना वाकून बघत होते. लिहून झाल्यावर त्यांनी ते मला वाचायला लावलं, दोनदा.

ट्राममध्ये आम्ही शेजारी बसलो होतो. नानांनी खिशातली पेनं सरळ केली. मग म्हणाले, "तीस वर्षांत मी अकरा वेळा आक्षेप घेतला. एकदा माझ्या डोळ्यांदेखत एकच माणूस आमच्या वस्तीची सगळी मतं देऊन गेला. तेव्हा मला जीपमध्ये नेऊन बसवलं, चहा पाजला, आणि संध्याकाळी आणून सोडलं. लिहून कधीच घेतलं नाही कोणी."

मी रडत होते. ते खिडकीबाहेर बघत होते.

बुधवारी निकाल आला. आम्ही सगळे गायकवाडांकडे जमलो होतो, सुनंदाने मटण केलं होतं. प्रकाशभाऊंनी कॉम्प्युटर उघडला, आणि नुसते बसून राहिले. महेशने खांद्यावरून वाकून वाचलं. पाचवे. चौथ्यापेक्षा दोन मतं कमी.

"दोन!" महेश ओरडला. "अरे फक्त दोन!"

सुनंदा भिंतीला टेकली. आणि तेवढ्यात नाना बोलले. सुनंदाशी नाही, महेशशी नाही.

"प्रकाश, तुझं एक मत मी बाद करायला लावलं. तीन फुल्या होत्या त्यात."

प्रकाशभाऊ बापाच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांना आधी काय समजत होतं, हुकलेली जागा की हाक, कोण जाणे.

"तुम्ही? नाना, का?"

"लिहिलेलं होतं त्याच्यावर."

"काय लिहिलं होतं?"

मी पाण्याचा ग्लास उचलला. थोडं पाणी टेबलावर सांडलं.

"मतपत्रिकेवर काय होतं ते बाहेर सांगायचं नसतं," नाना म्हणाले.

"वहिनी, तुम्ही होतात ना तिथे?" प्रकाशभाऊ माझ्याकडे वळले. "कोणाचं होतं ते मत?"

मी तोंड उघडलं. सांगणारच होते, खरंच सांगणार होते.

"मतदान गुप्त असतं," नाना माझ्याआधी बोलले. "मंजिरी, पाणी पुस ते." मग त्यांनी स्वतः उठून मुलाचं ताट पुढे ओढलं, त्यात दोन पळ्या रस्सा वाढला आणि खुर्ची सरकवून त्याच्या शेजारी बसले.

"पुढची निवडणूक कधी आहे?"

"पाच वर्षांनी," प्रकाशभाऊ म्हणाले.

नानांनी बोटांवर हिशेब केला. "पाच वर्षांनी मी शहात्तर. आतापासून अर्ज केला तर व्हिसा देतील ना?"